पाचारण आलं, पण नोकरी?

प्रश्न : प्रभू मला मंडळीच्या सेवेसाठी बोलावतो आहे, असं सतत वाटतं. नोकरी सोडू का?
– एक वाचक, औंढा नागनाथ

उत्तर : इतक्यात नको. परंपरा सांगते, तुमच्याच गावी नामदेवांनाही वाट दाखवायला गुरू विसोबा खेचर भेटावे लागले. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, पाळकपदाची दीक्षा १९०४ची; मधल्या काळात अध्यापन आणि लेखन चालूच होतं. आधी मंडळीत पडेल ते काम करा : रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी. पाचारण खरं असेल तर ते इतरांनाही जाणवतं. घरच्यांना विश्वासात घ्याच. टिळकांनी बाप्तिस्म्याच्या वेळी ते केलं नाही, आणि पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षं वेगळं राहून त्याची किंमत मोजावी लागली. मग तुमच्या पाळकांशी बोला आणि पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत अभ्यासक्रमाची चौकशी करा. राजीनाम्याचं त्यानंतर पाहू.