शरपंजरी भीष्म आणि द्रौपदीचा प्रश्न

वाचकहो, इकडे चेन्नईत, अण्णा नगरमध्ये, पहाटे अनेक घरांतून विष्णुसहस्रनाम ऐकू येते. ही हजार नावे महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला सांगितली, तीही शरपंजरी पडून. अंगात बाण रुतलेले, उत्तरायणाची वाट पाहत काढलेल्या ५८ रात्री!

याच भीष्मांनी द्यूतसभेत द्रौपदीला सरळ उत्तर दिले नव्हते. धर्म सूक्ष्म आहे, असे म्हणून ते थांबले. लोकपरंपरेत एक कथा सांगतात. शरपंजरीचा उपदेश ऐकताना द्रौपदी हसली. पितामह, हे ज्ञान तेव्हा कुठे होते, असे तिने विचारले. दुर्योधनाच्या अन्नाने दूषित झालेले रक्त आता वाहून गेले, असे भीष्म म्हणाले.

मला वाटते, धर्म त्यांना आधीही ठाऊक होता. पण इच्छामरणाच्या वरामुळे मृत्यू कायम दूर राहिला. तो उशाशी आला तेव्हा सांभाळायला ना सिंहासन उरले, ना कुणाचे मीठ. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील (१९७०) अप्पासाहेबही सर्वस्व वाटून टाकतात; पुढे त्यांना आसरा मिळतो तो बूटपॉलिशवाल्या राजाकडे.

आपण शांतिपर्व वाचायला घ्याल, तेव्हा द्रौपदीही तिथे बसली आहे, असे समजून वाचा.