वाणात रोप द्या, पण आधी हिशेब मांडा!

आजचा धडा कासारसाईसारख्या मुळशीतल्या गावांतून घरगुती व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांसाठी. गणित मात्र सगळीकडे तेच.

पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही आपली जुनी रीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू आणि वाण असतंच. प्लास्टिकचा डबा कपाटात जातो. रोप खिडकीत राहतं आणि पाणी घालताना देणारीची आठवण येते. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते याच आठवणीचे. त्यात हिंजवडीच्या सोसायट्या तुमच्या जवळच आहेत.

रोप कोणतं? तुळस सगळ्यांना हवी असते, पण थंडीत ती मलूल पडते. जानेवारीच्या वाणाला कोरफड सोपी: मूळ रोपाशेजारची पिल्लं वेगळी करून लावायची, पाणी कमी लागतं. बारसं, मुंज, वास्तुशांत पावसाळ्याच्या आसपास असेल तर तुळस द्या. कुंडीला खाली भोक हवंच, नाहीतर मुळं कुजतात. पाणी आदल्या दिवशी घाला, म्हणजे वाटेत चिखल होत नाही.

आता खरा मुद्दा, दर. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

रोप 10 रुपये, मातीची कुंडी 15, माती-शेणखत 3, कापड-सुतळी-चिठ्ठी 6, तुमची मजुरी 6. झाले 40. बरेच जण इथेच थांबतात, 50 रुपये दर सांगतात आणि 100 नगांवर 1,000 सुटले असं समजतात.

पण काही रोपं मरतात, कुंड्या फुटतात. 100 द्यायची तर 110 तयार ठेवा: खर्च 4,400. टेम्पोचे 600 धरा: एकूण 5,000. म्हणजे 50 रुपयांना विकून हातात शून्य! दर 65 ठेवलात तर 6,500 येतात, 1,500 उरतात. मजुरी आधीच धरलेली, त्यामुळे हा निव्वळ नफा.

दोन नियम पाळा. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कुंड्या आणू नका. कार्यक्रम रद्द झाला तर माल तुमच्या अंगावर पडतो. आणि सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी लिहा: ऊन किती, पाणी किती. रोप जगलं तरच पुढची ऑर्डर येते.

गृहपाठ: आज पाच रोपं लावा, आठ दिवस घरातच ठेवा. किती टिकली ते वहीत लिहा, मगच दर ठरवा.