कंसातला आकडा : विमा कंपनीचा पैसा बाहेर गेला म्हणजे बुडाला का?



मागच्या अंकात आपण गटाचं जमा-खर्च पत्रक ओळीनं कसं वाचायचं ते बघितलं. या अंकात कर्जावरचं व्याज घ्यायचं ठरलं होतं, पण तो धडा पुढच्या वेळी. कारण गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक गोष्ट घडली, आणि त्यात माझीच चूक होती. ती आधी दुरुस्त करते.

एका ताईंच्या मोबाईलवर एक फोटो आला होता. त्यांची पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्या वार्षिक अहवालातलं एक पान. त्यात 'गुंतवणूक व्यवहारांतून रोख प्रवाह' अशी ओळ, आणि समोर भलामोठा आकडा, तोही कंसात. खाली कुणीतरी लिहिलेलं : कंपनीतून पैसा बाहेर चाललाय, वेळीच पॉलिसी मोडा. ताईंनी विचारलं, "मॅडम, कंसात का लिहिलंय?" मी म्हटलं, "कंसात म्हणजे मायनस." "मायनस म्हणजे तोटाच ना?" बैठक संपत आली होती, मला पुढच्या गावाची एसटी पकडायची होती. मी म्हणून गेले, "तसंच काहीतरी."

पुढच्या आठवड्यात कळलं की तीन ताया पॉलिसी मोडायला निघाल्यात. त्यातल्या एकीनं वर्षाला ६,००० रुपये असे चार वर्षं भरलेले, म्हणजे २४,०००. मोडल्यावर हातात येणार होते १३,००० च्या आसपास. आणि ते पैसे घालून दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी द्यायला एजंट तयारच होता. फोटोही त्यानंच पाठवलेला.

एमएसडब्ल्यू करताना आम्हाला संस्थेचा ताळेबंद शिकवला होता, विमा कंपनीचा नाही. म्हणून मी आपल्या संघाच्या लेखापालांसोबत दोन दुपारी बसून ते पान समजून घेतलं. जे समजलं ते असं.

आधी आपल्या गटाकडे बघू. समजा गटाच्या पेटीत आणि बचत खात्यात मिळून ३१,००० रुपये आहेत. त्यातल्या २०,००० ची तुम्ही बँकेत एक वर्षाची मुदत ठेव केली. सचिव ताई हे कुठे लिहितात? जमा-खर्चात खर्चाच्या बाजूला. हाताशी असलेली रोख ३१,००० वरून ११,००० वर आली. पण गट २०,००० रुपयांनी गरीब झाला का? नाही. पैशानं जागा बदलली. ठेवीची पावती कपाटात आहे. रोख प्रवाहाचं पत्रक फक्त एवढंच सांगतं की रोख कुठून आली आणि कुठे गेली. नफा झाला की तोटा, हे त्यातून कळत नाही, ते दुसऱ्या पत्रकात असतं. आणि हिशोबाच्या भाषेत कंस म्हणजे 'रोख बाहेर गेली' एवढंच.

कंपनी आपली रोख तीन कप्प्यांत दाखवते. रोजच्या धंद्याची, गुंतवणुकीची, आणि भांडवल किंवा उधारीची. तिसरा कप्पा आज सोडून देऊ, आपल्या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंध नाही. विमा कंपनीच्या पहिल्या कप्प्यात काय येतं? तुम्ही भरलेला हप्ता आत येतो. दाव्याचे पैसे, एजंटचं कमिशन, कर्मचाऱ्यांचे पगार बाहेर जातात. दुसऱ्या कप्प्यात रोखे आणि शेअर घेतले की पैसे बाहेर, विकले किंवा त्यांची मुदत भरली की पैसे आत. त्या गुंतवणुकीवरचं व्याज, लाभांश, इमारतींचं भाडं हेही विमा कंपनी याच दुसऱ्या कप्प्यात जमा दाखवते.

आता एक छोटी कंपनी डोळ्यांसमोर आणू. आकडे समजण्यापुरते आहेत. १,००० बायकांनी १५ वर्षांची पॉलिसी घेतली, वर्षाला ६,००० हप्ता. पहिल्या वर्षी हप्ते आले ६० लाख. कमिशन, पगार, कचेरी यांवर ९ लाख गेले. दुर्दैवानं दोन बायका गेल्या, त्यांच्या घरी १-१ लाख दिले. उरले ४९ लाख. म्हणजे पहिला कप्पा अधिक ४९ लाख.

हे ४९ लाख कंपनीची कमाई आहे का? बिलकुल नाही. १५ वर्षांनी ज्या बायकांना पैसे द्यायचं वचन दिलंय, त्यांचे हे पैसे आहेत. ते तिजोरीत ठेवले तर वाढणार नाहीत, आणि वाढले नाहीत तर वचन पाळता येणार नाही. म्हणून कंपनीनं ४८ लाखांचे सरकारी रोखे घेतले. दुसरा कप्पा उणे ४८ लाख, कंसात.

ताईंच्या मोबाईलवर आला तो आकडा हाच. फक्त त्यापुढे कितीतरी शून्यं जास्त.

सुगीत तुम्ही धान्य कणगीत भरता तेव्हा खळं रिकामं होतं. खळ्याकडे बघून कुणी म्हणत नाही की धान्य गेलं. गुंतवणुकीचा कप्पा म्हणजे खळ्यावरून कणगीत किती गेलं याची नोंद. कणगीत एकूण किती आहे ते बघायचं तर ताळेबंद बघावा लागतो.

चौथ्या वर्षी काय दिसेल? हप्ते आले, खर्च आणि दावे गेले, पहिला कप्पा अधिक ४८ लाख. दुसऱ्या कप्प्यात व्याज आलं १० लाख, काही जुन्या रोख्यांची मुदत भरून ५ लाख आले, नवे रोखे घेतले ६० लाखांचे, आणि काही बायकांना पॉलिसीवर कर्ज दिलं २ लाख. मांडून बघा : १० आणि ५ मिळून १५ आत, ६० आणि २ मिळून ६२ बाहेर. उणे ४७ लाख. कंपनीला व्याज छान मिळतंय, तरी कप्पा उणेच, कारण मिळालेलं व्याजसुद्धा ती परत कणगीत टाकते.

आता थेट सगळ्यांची मुदत संपली त्या वर्षावर येऊ. समजा ९०० बायका शेवटपर्यंत टिकल्या आणि प्रत्येकीला १,२०,००० द्यायचे आहेत. म्हणजे १० कोटी ८० लाख. हप्ते येणं बंद झालेलं. पहिला कप्पा एकदम उणे. पैसे द्यायला कंपनी रोखे मोडते, म्हणून दुसरा कप्पा पहिल्यांदाच अधिक होतो, १० कोटींच्या वर. एजंटच्या हिशोबानं हे कंपनीचं सगळ्यात चांगलं वर्ष! आणि खरं तर याच वर्षी कणगी रिकामी होतेय.

खऱ्या कंपनीत दर वर्षी नवे लोक पॉलिसी घेत राहतात. म्हणून वाढत्या जीवन विमा कंपनीचा हा कप्पा वर्षानुवर्षं उणे दिसतो आणि तेच रास्त आहे. उलट तो सलग काही वर्षं अधिक दिसू लागला आणि हप्त्यांची आवक घटत असेल, तर जरा थांबून विचारावं : नवी माणसं येईनाशी झाली का? जुने दावे भागवायला रोखे विकावे लागतायत का?

आपल्यापैकी अनेकींनी बँकेतून घेतलेला प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा मात्र वेगळा. वर्षाला ४३६ रुपये कापले जातात, १ जून ते ३१ मे संरक्षण असतं, मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. त्यात मुदतीअखेर काही परत मिळत नाही, दर वर्षी नवा हिशोब. २० रुपयांच्या अपघात विम्याचंही तसंच. अशा विम्यातला पैसा १५-२० वर्षं साठत नाही. म्हणून "आमच्या ४३६ रुपयांचं काय झालं" याचं उत्तर कणगीत शोधू नका, तो त्या वर्षाच्या संरक्षणाचा मोबदला होता.

मग या कप्प्याकडे बघायचंच नाही का? बघायचं, पण प्रश्न बदलून. पैसा किती गेला यापेक्षा कुठे गेला हे विचारायचं.

याचा एक जुना दाखला आहे. १९५६ च्या आधी देशात दोनशेच्या वर खासगी विमा कंपन्या आणि संस्था होत्या, आणि काही ठिकाणी मालकांनी लोकांचे हप्ते स्वतःच्याच धंद्यांत घातले होते. १९ जानेवारी १९५६ ला तेव्हाचे अर्थमंत्री सी. डी. देशमुख, आपले रायगडचे, यांनी आकाशवाणीवरून जीवन विमा सरकारच्या ताब्यात घेत असल्याचं जाहीर केलं. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. आणि वर्ष उलटतंय तोच, १९५७ साली एलआयसीनं हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. त्या कंपन्यांची अवस्था वाईट होती, आणि गुंतवणूक समितीला विचारलंही नव्हतं. फिरोज गांधींनी संसदेत विषय काढला, न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली, आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारी रोखे घेतले असते तरी त्या वर्षी आकडा कंसातच आला असता. बोंब झाली ती पैसा नको तिथे गेला म्हणून.

आज यावर नियम आहेत. जीवन विमा कंपनीला पॉलिसीधारकांच्या निधीतला किमान निम्मा पैसा सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो, त्यातही एकूण पैशाचा किमान पाव हिस्सा केंद्र सरकारच्या रोख्यांत. (शेअर बाजाराशी जोडलेली युलिप पॉलिसी याला अपवाद. तिथे जोखीम तुमची असते, आणि एजंट हे नेहमी सांगतोच असं नाही.) शिवाय सगळी देणी भागवून पुरेशी जास्तीची ताकद कंपनीकडे हवी. त्याला सॉल्व्हन्सी रेशो म्हणतात. तो १.५ च्या खाली जाऊ नये असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे. हा आकडा कंपनीला दर तिमाहीला आपल्या वेबसाईटवर टाकावाच लागतो. कंपनी बुडतेय का हे बघायचं असेल तर मुलांना मोबाईलवर हा आकडा शोधायला सांगा, कंसातला नको. मी त्या ताईंच्या कंपनीचा बघितला, १.५ च्या बराच वर होता.

तीन तायांपैकी दोघींनी पॉलिसी ठेवली. एकीनं मी पोहोचायच्या आधीच फॉर्म देऊन टाकला होता, तिचं नुकसान झालंच. तिच्याकडे जाऊन मी माफी मागितली. ती म्हणाली, "पोरी, तू सांगितलंस म्हणून नाही, मला पण भीती वाटलीच होती." तरी मला वाईट वाटायचं ते वाटतंच.

राहिलेल्या दोघींपैकी एकीला खरंच पैशांची गरज होती, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. तिनं पॉलिसी न मोडता त्याच पॉलिसीवर कर्ज घेतलं. विमा चालू राहिला, फी भरली गेली. आणि गंमत बघा, पॉलिसीवर दिलेलं कर्जही कंपनी गुंतवणुकीच्याच कप्प्यात बाहेर गेलेलं दाखवते. म्हणजे पुढच्या वर्षीच्या त्या कंसात आपल्या गावातल्या एका मुलीची फीसुद्धा असेल.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी बॉन्ड आणि शेवटच्या हप्त्याची पावती घेऊन या. वारसाचं नाव बरोबर आहे का आणि किती वर्षं झाल्यावर कर्ज मिळतं, हे दोन्ही आपण एकेकीच्या कागदावर बघू. आणि असा फोटो कुणाला आला असेल तर पुढे पाठवू नका, आधी मला दाखवा. या वेळी मी एसटी चुकवीन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक