खरखर ऐकू येते, नकाशा कोरा

पॅकेटची खरखर मला स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे सायकलफेरीच्या जीपमधला ट्रॅकर बोलत होता, माझा अँटेना ऐकत होता. कन्नड ओलांडून औट्रम घाटाच्या तोंडाशी गाडी उभी, मांडीवर नवा टॅबलेट, आणि पडद्यावर नुसते करडे चौकोन. त्यात जीपचं चिन्ह एकटंच बसलेलं.

हा टॅबलेट माझ्या गळ्यात मारणारे आमच्यातलेच एक जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. "ओएम, डोळे झाकून घ्या, सगळं आत आहे." क्रांती चौकात दाखवला तेव्हा सुरेख दिसत होता, दिसणारच! गाडीची जागा रेडिओवरून येते, पण खालचा नकाशा ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून ओढत होतं. घाटात मोबाइलची रेंज गेली, नकाशाही गेला. हे सांगायला त्यांना किती शब्द लागले असते?

पुढे त्याहून वाईट. सायकलस्वारांच्या मागची जीप चाळीस मिनिटं एकाच वळणावर दिसत राहिली. काही झालं असेल म्हणून दोन पोरांना मोटारसायकलवर पिटाळलं. जीपवाले खाली चाळीसगावच्या अंगाला चहा पीत होते! डोंगराआड गेल्यावर पॅकेट येणं थांबलं होतं. चिन्ह मात्र तसंच ठसठशीत. शेवटचं पॅकेट कधीचं, याचा पत्ता नाही.

फोन केला, तर उत्तर : "रेंज नसेल तर मी काय करणार? लायसन्स काय भिंतीला लावायला घेतलंत?" पैशांचा विषय काढताच 'सेव्हंटी थ्री', हा आमचा निरोपाचा संकेत, म्हणून फोन ठेवलासुद्धा.

एक चूक माझीही, कबूल. एपीआरएसमध्ये, म्हणजे रेडिओवरून जागा कळवण्याच्या या पद्धतीत, जागा अंश आणि मिनिटांत जाते. वेरूळचा रेखांश ७५.१८ अंश, मी ७५ अंश १८ मिनिटं भरला. हवी होती सुमारे ११ मिनिटं. आमचं वेरूळचं ठाणं साडेबारा किलोमीटर पूर्वेला सरकलं. पण नकाशा धड असता तर ते तिथल्या तिथे कळलं असतं.

तर घेणाऱ्यांनो, घेण्याआधी विक्रेत्यासमोर वायफाय आणि डेटा बंद करा, मग नकाशा हलवून, मोठा करून बघा. साठवलेला नकाशा चालणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात : झास्टिर, यॅक. नकाशा भरताना शेजारचा जिल्हाही भरा. मी आधी फक्त आपला भरला, आणि घाटाचा पायथा जळगाव जिल्ह्यात! प्रत्येक चिन्हाशेजारी शेवटच्या पॅकेटची वेळ दिसलीच पाहिजे. फिनलंडची एपीआरएस डॉट एफआय साइट छान आहे, पण वाटेत आयगेट, म्हणजे रेडिओची पॅकेट इंटरनेटवर चढवणारं ठाणं, नसेल तर तिला तुमची गाडी दिसणार नाही. एपीआरएसचे जनक बॉब ब्रुनिंगा २०२२ साली गेले. हे नुसतं गाड्यांवर पाळत ठेवायचं यंत्र नव्हे, संवादाचं साधन आहे, असं ते वारंवार सांगत. म्हणून संदेश पाठवता येतात का, तेही तपासा. बॅटरी जादा ठेवा. पावती घ्या. मैत्रीत तर नक्कीच घ्या.

तो टॅबलेट आता आमच्या स्वयंपाकघरात असतो. वायफाय असलं की उत्तम चालतो.