खोली एक, पिंजरे वेगळे

प्रश्न : परभणीच्या एका वाचकाकडे ससा, गिनी पिग, बजरिगर आणि लव्हबर्ड आहेत. जागेअभावी सगळ्यांना एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : खोली एक चालेल, पिंजरा नाही.

ससा आणि गिनी पिग ही दिसायला गोजिरवाणी जोडी प्रत्यक्षात धोक्याची. सशाच्या श्वसनमार्गात बोर्डेटेला हा जिवाणू कोणतेही लक्षण न दाखवता मुक्काम ठोकतो. गिनी पिगला त्यानेच जीवघेणा न्यूमोनिया होतो. सशाची एक लाथही त्याला जायबंदी करू शकते. शिवाय गिनी पिगचे शरीर 'क' जीवनसत्त्व तयार करत नाही, सशाचे करते. त्यामुळे निव्वळ सशाच्या खाद्यावर ठेवलेल्या गिनी पिगला स्कर्व्ही जडतो.

लव्हबर्डच्या नावावर जाऊ नये. तो बजरिगरचे पाय चावून जखमी करतो. नवा पक्षी आणल्यास महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवावा.

परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि सशाला तिशीपुढेच धाप लागते. त्याचा पिंजरा सर्वांत थंड कोपऱ्यात हवा.

देशी पोपट किंवा तारा कासव मात्र आणूच नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. घरातील प्राणी-पक्ष्यांच्या तपासणीसाठी परभणीतच पशुवैद्यक महाविद्यालय आहे.