भारवहन व कटिशूल : निदानपरिवर्जनाचा विचार

वाग्भटाचार्यांनी अर्दिताच्या हेतूंत डोक्यावरून भार वाहणे सांगितले आहे. कटिग्रह, गृध्रसीच्या रुग्णास मात्र आपण त्याच्या ओझ्याविषयी क्वचितच विचारतो. आपल्याच औषधालयातील कामगारास तर नाहीच. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. पुराच्या भीतीने साठा घाईने माळ्यावर चढविताना कंबर धरते. १५ किलोचा तेलाचा डबा गुडघ्यांत वाकून, अंगालगत धरून उचलावा. कंबर न पिळता पावलांनी वळावे. वनस्पतींची पोती अर्धीच भरून मागवावीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. नित्य कामास ती आम्हांस अधिकच वाटते. गृध्रसीत मूत्रावरोध वा गुदप्रदेशी बधिरता आढळल्यास बस्तीत वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.