जुना संगणक का अडखळतो?

संगणक जुना झाला की तो मंदावणारच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. गणित करणारा मुख्य भाग, म्हणजे प्रोसेसर, दहा वर्षांपूर्वी ज्या वेगाने बेरजा करीत होता, जवळजवळ त्याच वेगाने आजही करू शकतो. अडते ते त्याच्या आजूबाजूला. म्हणून यंत्र भंगारात काढण्यापूर्वी ते नेमके केव्हा अडते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आमच्या घरी २०१२ साली घेतलेला एक संगणक आहे. गेल्या वर्षी तो मध्येच गोठू लागला. पडद्यावरचा बाण हलेना, कळफलक दाबून उपयोग होईना. दुरुस्तीवाल्याने "नवीन घ्या" एवढेच सांगितले. पण त्यातच आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या होत्या. तेव्हा मी एक वही घेतली आणि यंत्र कधी अडते त्याची वेळ लिहू लागलो. आठवड्याभरात दिसले की, सकाळी ते ठीक चालते आणि दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने गोठते. "मशिनीक ताप इलो वाटता," असे आई म्हणाली, आणि निदान बरोबर निघाले!

प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला तर यंत्र बंदही पडते. वीज तोडून पेटी उघडली, तो आतील पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर लाल मातीचा थर. कुडाळसारख्या ठिकाणी रस्त्याची तांबडी धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांची सांगड बसली की, त्या धुळीचे जाड कांबळे तयार होते. मऊ ब्रशने ते काढले, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने पुसून ती पुन्हा बसवली. गोठणे थांबले.

मंदपणा मात्र गेला नाही. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात रॅम जवळजवळ भरलेली आणि डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसली. याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की प्रत्येक नारळासाठी माळ्यावर चढावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीला हवी ती जागा सापडायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. रॅमला त्याच्या एक लक्षांश वेळही पुरतो. आमच्या यंत्रात रॅम होती २ जीबी. बिचारे दिवसभर शिडीवरच!

इथे माझी चूक झाली. डिस्क शंभर टक्के गुंतते ती कधी रॅम अपुरी असल्यामुळे, तर कधी चकतीच खराब होत असल्यामुळे. मी ती पाहिली सर्वांत शेवटी. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या विनामूल्य साधनाने चकतीची स्वतःची प्रकृतीची नोंद वाचता येते. तीत खराब जागा वाढत चालल्याचे दिसले. घाईघाईने सारे पेन ड्राइव्हवर उतरवले. एक फाइल उतरलीच नाही. आजी २०१९ साली गेली. ती ओवी दुसऱ्या कोणाला पाठ नाही. साफसफाईच्या आधी, यंत्र सकाळी नीट चालत होते त्याच आठवड्यात नक्कल केली असती, तर कदाचित ती हाती राहिली असती.

त्यानंतर रॅम ४ जीबीने वाढवली. ती मदरबोर्डला चालणाऱ्या प्रकारचीच घ्यावी लागते. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसतच नाही. चकतीऐवजी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काहीच नसल्याने शोधाचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. पूर्वी सुरू होईपर्यंत चहा होत असे, आता दूधही तापत नाही. राहिला प्रश्न विंडोज १० चा. तिचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून आम्ही लिनक्सची हलकी आवृत्ती घातली. मराठी टंकलेखन त्यावर उत्तम होते; हा लेख त्यावरच लिहिला आहे.